शिंदीचा जीव गाभ्यात



भाकरी-कालवण उरकून बसला असाल. कुणाच्या हातात गोधडी असेल, कुणी उद्याच्या पेरणीसाठी शेंगा फोडत असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे असू द्या. आज आम्ही एका झाडाबद्दल बोलणार आहोत. झाड तुमच्या ओळखीचं आहे. ओढ्याकाठी, बांधावर ते उभं असतं. पावसाळ्यात त्याला सुगरणीचे खोपे लटकतात. त्याच्या पानांची केरसुणी आपण लक्ष्मीपूजनाला हळदीकुंकू लावून पुजतो. ओळखलंत? शिंदी! नारळ, सुपारी, ताड यांच्याच घराण्यातली ही. शहरात हॉटेलांच्या दारात, बागांत, मोठ्या रस्त्यांच्या मधोमध हीच शिंदी शोभेसाठी लावतात, आणि नर्सरीवाले तिला ‘वाइल्ड डेट पाम’ म्हणतात.

शिंदी दारापुढे, शाळेत, देवळासमोर कशी लावायची आणि कशी सांभाळायची ते आज सांगतो. पण आधी आमची चूक सांगतो, कारण आम्ही जे शिकलो ते त्या चुकीतूनच.

आमचं गाव दुष्काळी पट्ट्यातलं. शाळेच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत दोन्ही बाजूंनी झाडांची रांग असावी, असं आमच्या गटाच्या मनात होतं. गटाच्या पैशातून आम्ही नर्सरीतून बाटलीसारख्या फुगीर बुडाचे आठ पाम आणले. दिसायला देखणे. पण ते झाड मूळचं मॉरिशसजवळच्या बेटावरचं, समुद्राच्या दमट हवेतलं. आमच्याकडे मार्चपासून विहिरींचा तळ दिसतो आणि एप्रिलमध्ये टँकरची वाट बघावी लागते. माणसांना पाणी पुरेना, तिथं झाडांना कोण घालणार? दुसऱ्या उन्हाळ्यात आठही वाळले.

तेव्हा गटातल्या एक आजी म्हणाल्या, “ज्या शिंदीला जन्मात कुणी तांब्याभर पाणी घातलं नाही ती ओढ्याला हिरवीगार उभी आहे, आणि तुम्ही पैसे मोजून मरणारं झाड आणता!” त्याच वर्षी गावातल्या एका शेतकऱ्याच्या बांधावर नव्या विहिरीचं काम निघालं. बांधावरच्या कमरेएवढ्या बारा शिंद्या जेसीबीखाली जाणार होत्या. आम्ही त्या मागून घेतल्या.

पण गटाच्या बैठकीत लगेच वाद झाला. “शिंदी म्हणजे ताडी. शाळेच्या दारात ताडीचं झाड लावायचं?” ज्यांनी घरात दारूपायी सोसलं आहे त्या हे बोलत होत्या, म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेलं नाही. खरं काय आहे ते नीट बघितलं. शिंदी आपोआप ताडी देत नाही. खोडाच्या वरच्या भागाला छेद मारून रस काढावा लागतो. ताजा रस म्हणजे नीरा, ती गोड असते. काही तास तशीच ठेवली की आंबते आणि तिची ताडी होते. बंगालमध्ये याच झाडाचा रस हिवाळ्यात आटवून गूळ करतात. आणि परवान्याशिवाय असा छेद मारणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. आम्ही महिला ग्रामसभेत विषय घेतला आणि शाळेपुढच्या झाडांना कुणीही छेद मारायचा नाही, असा ठराव लिहून घेतला. मग झाडं लावली. तुमच्या गावात हीच शंका निघाली तर लपवू नका. आधी ठराव, मग खड्डा.

बारापैकी दोन झाडं हलवताना गेली, दहा जगली. तीन वर्षांत ती छान भरली. मग एक १५ ऑगस्ट आला. झेंडावंदनाला पाहुणे येणार म्हणून आम्ही शाळा स्वच्छ करायला घेतली. झाडांच्या खालच्या झावळ्या लोंबत होत्या, त्याही ‘स्वच्छ’ करून टाकल्या. गावातली पोरं कोयते घेऊन आली. दहापैकी चार झाडांना वर मोराच्या तुऱ्याएवढ्या चार झावळ्या ठेवल्या, बाकी सगळ्या बुडापासून उतरवल्या. एका झाडाचा तर शेंडाच उडाला. ते म्हणाले, फुटेल परत. आम्हीही मान डोलावली. तेवढ्यात पाऊस आला आणि उरलेली सहा झाडं तशीच राहिली.

शेंडा उडालेलं झाड फुटलं नाही, जागेवर वाळलं. उरलेली तीन दिवाळीनंतर मधूनच लुळी पडायला लागली. आमच्या गावात एक मावशी शिंदीच्या पानांच्या केरसुण्या वळतात. त्यांची दोन-तीन पिढ्यांची रोजी त्यावर. झाडं मरायला लागली तसा गावाने आणि आम्हीही बोल त्यांनाच लावला, की रात्रीची पानं नेतात, म्हणून झाडं जळाली. मावशी बैठकीला आल्या. मेलेल्या झाडापाशी आम्हाला घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, “ही कापणी माझी नाही. आम्ही खालच्या फेरीतल्या दोन-तीन झावळ्या घेतो. वरच्या गाभ्याला आमच्यातलं पोर पण हात लावत नाही. आमचं पोट या झाडावर आहे, आम्ही ते मारू कशाला?”

मैत्रिणींनो, त्या दिवशी आमच्या माना खाली गेल्या. आम्ही चारचौघांत त्यांची माफी मागितली. आणि शिंदीचं पहिलं शास्त्र आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो. ते असं.

आंबा, कडुनिंब, बाभूळ यांची फांदी तोडली की खालून दुसरे कोंब फुटतात, कारण त्यांना वाढायच्या जागा अनेक असतात. शिंदीला वाढायची जागा एकच. अगदी शेंड्यावर, झावळ्यांच्या मधोमध, मिटलेली कोवळी सुई दिसते ना, तिच्या बुडाशी. त्यालाच आपण गाभा म्हणतो. सगळं झाड त्या मूठभर गाभ्यातून निघतं. तो तुटला, कुजला किंवा किड्याने खाल्ला की झाड संपलं, मग मुळं कितीही धड असोत.

दुसरी गोष्ट खोडाची. कडुनिंबाच्या सालीला जखम झाली तर कडेने नवी साल येऊन ती हळूहळू भरते. शिंदीच्या खोडात असा भरून काढणारा थरच नसतो. झालेली जखम जन्मभर राहते. रस काढलेल्या जुन्या शिंदीच्या खोडावर डावी-उजवीकडे खाचा दिसतात, त्या वीस वर्षांनीही तशाच असतात. म्हणून शिंदीला खिळा ठोकून पाटी लावू नका, तार आवळून दोरी बांधू नका, बुडाशी कचरा जाळू नका.

आता लावायचं कसं ते सांगतो.

बियांपासून रोप करायचं असेल तर पावसाच्या सुरुवातीला झाडाखाली पिकलेली फळं पडतात ती वेचा. शिंदीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. फळं फक्त मादीला येतात. गर चोळून धुवा आणि बिया दोन दिवस पाण्यात ठेवा. पाणी रोज बदला. बी ताजं असतानाच लावा. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारखं घेऊन पिशव्या भरा. पिशवी निदान वीतभर खोल हवी, कारण बियातून निघालेला कोंब आधी खाली जातो आणि मग त्यातून पान वर येतं. बी बोटाच्या एका पेराएवढं खोल आडवं टाका. उगवायला दीड ते तीन महिने लागतात, तेव्हा महिन्याभरात पिशव्या उपसून टाकू नका. पहिलं पान गवताच्या पात्यासारखं एकेरी असतं. ते बघून आमच्या एका मैत्रिणीने दहा रोपं तण समजून उपटली होती! झावळीसारखी चिरलेली पानं पुढे यायला लागतात. वर्ष-दीड वर्षाचं रोप जमिनीत लावा. एक खरं सांगून ठेवतो, बियाच्या शिंदीला खोड दिसायलाच पाच-सहा वर्षं लागतात. घाई असेल त्यांचं हे काम नाही.

मोठं झाड हलवायचं असेल तर ते खासगी जागेतलं असावं आणि मालकाची परवानगी असावी. ओढ्याची किंवा गायरानाची शिंदी विचारल्याशिवाय काढू नका. पहिला चांगला पाऊस झाल्यावर हलवा. बुडाभोवती दीड-दोन फूट माती राखून गोल खणा आणि मातीचा गड्डा पोत्यात बांधा. खालच्या जुन्या झावळ्या कमी करा, उरलेल्या वर गोळा करून सुतळीने बांधा, म्हणजे वाहतुकीत गाभा हलत नाही. उचलताना दोर शेंड्याला नाही, खोडाच्या खालच्या भागाला बांधा, आणि दोराखाली पोतं घाला. लावताना पूर्वी जेवढं मातीत होतं तेवढंच ठेवा. आमची दोन झाडं गेली ती इथेच. उभी राहावीत म्हणून आम्ही ती हातभर जास्त खोल पुरली आणि बूड कुजलं. आधार हवा असेल तर तीन बाजूंनी बांबू टेकवा, खिळा मारू नका. नवी सुई सरळ वर यायला लागली की सुतळी सोडा.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा. ऊन दिवसभर हवं. वर विजेची तार नको. आणि पसारा लक्षात घ्या. मोठ्या शिंदीच्या झावळ्या आठ-दहा फूट लांब असतात, म्हणून दोन झाडांत पंधरा फूट आणि भिंतीपासून आठ-दहा फूट अंतर ठेवा. जमीन मुरमाड, खडकाळ, थोडी खारवट असली तरी चालते. काळ्या जमिनीत पाणी तुंबत असेल तर खड्ड्यातल्या मातीत मुरूम मिसळा आणि झाड थोडं उंचवट्यावर लावा.

आता पाणी. शिंदी दुष्काळ सोसते हे खरं, पण तिची मुळं बसल्यावर. पहिले पंधरा दिवस एक दिवसाआड, पुढे पावसाने उघडीप दिली की आठवड्यातून दोनदा, आणि पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा पाणी द्या. रोज तांब्याभर शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा तीन-चार हंडे द्या. पाणी खोल गेलं की मुळंही खोल जातात. आळ्यात पाचोळा अंथरा, पण खोडापासून वीतभर दूर. आम्ही प्रत्येक झाडाशेजारी बुडाला बारीक भोक पाडलेलं जुनं मडकं पुरलं होतं. कपडे विसळलेलं शेवटचं पाणी त्यात ओतायचो. तिसऱ्या उन्हाळ्यापासून आम्ही पाणी देणं थांबवलं आणि झाडांनी तक्रार केली नाही.

खताचं सांगायचं तर पावसाच्या तोंडाला दोन घमेली पुरतं कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड खोडापासून हातभर लांब गोलाकार द्या. ‘पुरतं कुजलेलं’ हा शब्द लक्षात ठेवा, त्याचं कारण पुढे येईल. खालच्या जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके पडून टोकं वाळत असतील तर झाडाला पोटॅश कमी पडतं आहे. अशा वेळी झाड जुन्या पानातलं पोटॅश काढून नव्या पानाला देत असतं. म्हणजे ते अर्धं पिवळं पान झाडाची शिदोरी आहे. ते कापलं की झाड त्याच्या वरच्या पानातून घ्यायला लागतं आणि पिवळेपणा वर चढतो. पान पूर्ण वाळून तपकिरी होऊ द्या, मग काढा. आणि उलट, वरचं नवं पानच पिवळं येत असेल तर बहुतेक मुळांशी पाणी तुंबलं आहे किंवा झाड खोल पुरलं गेलं आहे. तिथं खत ओतू नका, आधी पाण्याला वाट करून द्या.

आता कोयत्याचं, म्हणजे आमच्या चुकीचं. झावळी कापायची तर पाऊस थांबून हवा कोरडी झाल्यावर. फक्त वाळलेली कापा. देठ वीतभर सोडून कापा, खोडाला कोयता लागता कामा नये. ओढून फाडू नका. हिरव्या झावळ्यांचा डोक्यावरचा गोल भरलेला राहू द्या. तुऱ्यासारखं झाड नीटनेटकं दिसतं, पण ते उपाशी असतं.

पावसात हिरवी झावळी कापली की काय होतं? ओल्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो. तांबूस रंगाचा, पुढे सोंड असलेला. तो जखमेत अंडी घालतो आणि अळ्या आतून खोड पोखरतात. बाहेरून महिनोन्‌महिने काही दिसत नाही. मग खोडाच्या भोकातून तपकिरी चिकट पाणी येतं, चावलेला भुसा पडतो, आंबूस वास येतो. कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाज येतो. मधली सुई लुळी पडली की उशीर झालेला असतो. आमची तीन झाडं अशीच गेली. भुंगे इतर झाडांवर जाऊ नयेत म्हणून आम्हाला ती तोडून, खोड फाडून जाळावी लागली. शाळेतली मुलं बघत उभी होती.

दुसरा शत्रू गेंड्या भुंगा. काळा, डोक्यावर शिंग असलेला. तो कोवळी सुई मिटलेली असतानाच आत घुसून खातो, आणि पान उघडल्यावर कात्रीने कापल्यासारखं त्रिकोणी दिसतं. त्याची अळी वाढते कुठे? आपल्याच उकिरड्यात, अर्धवट कुजलेल्या शेणात. म्हणून कच्चं शेण झाडाला घालायचं नाही आणि उकिरडा मधून मधून खालीवर करून पांढऱ्या जाड अळ्या वेचायच्या. कोंबड्यांना ती मेजवानी. गाभ्याजवळच्या दोन-तीन पानांच्या बेचक्यात एक भाग निंबोळी पेंडीची पूड आणि दोन भाग वाळू मिसळून टाकली की भुंग्याचा त्रास कमी होतो. नारळवाले हाच उपाय करतात. शंका आली तर कृषी सहायकांना दाखवा, किंवा किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या मोफत क्रमांकावर मराठीतून विचारा.

एक सावधगिरी. शिंदीच्या देठाला खाली लांब टोकदार काटे असतात. म्हणून ती मुलांच्या खेळायच्या जागी, पाणवठ्याच्या वाटेवर लावू नका. वाटेकडचे काटे कात्रीने टोकापासून छाटा, त्याने झाडाला काही होत नाही. काम करताना पायात बूट, हाताला जाड कापड हवं. काटा गुडघ्यात किंवा बोटाच्या सांध्यात मोडला तर घरी सुईने कोरत बसू नका. दवाखान्यात जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारा.

आज आमच्या शाळेपुढे सहा शिंद्या उभ्या आहेत, त्या दिवशी पावसाने वाचवलेल्या. मोकळ्या जागांत बियाची चार रोपं लावली आहेत, ती अजून गुडघ्याला येत नाहीत. दरवर्षी पाऊस ओसरला की केरसुणीवाल्या मावशी येतात. झाड बघतात, वाळकं काढून देतात आणि भरलेल्या झाडाच्या खालच्या फेरीतल्या दोन-तीन झावळ्या केरसुणीसाठी घेऊन जातात. ज्या झाडावर सुगरणीची पिल्लं असतील ते त्या वर्षी सोडतात. झाडाला कोयता लावायचा तर तो मावशींना विचारूनच, हेही आम्ही ठरावाच्या वहीत लिहून ठेवलं आहे. नुसतं बोललेलं पुढच्या १५ ऑगस्टला कुणाच्या लक्षात राहणार?

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत झाडांचा विषय निघाला की आधी आपल्या ओढ्याला काय आपोआप उगवतं ते बघा. आणि शिंदी लावलीत तर एवढंच करा. दोन उन्हाळे पाणी द्या, आणि मग कोयता जपून वापरा. तिला आपल्याकडून फार काही लागत नाही, फक्त गाभ्याला हात नको.

तुमच्या गावात कुणी केरसुण्या वळत असेल, शिंदीबद्दल आम्हाला माहीत नसलेलं काही सांगत असेल, तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी ते सगळ्यांना ऐकवू. नमस्कार.